गोव्यातून परदेशी शेअरमध्ये गुंतवणूक: खातं, रेमिटन्स, कर आणि वारसा

परदेशी ब्रोकरकडे खातं उघडताना गोव्यातला माणूस पहिल्यांदा अडतो तो नावाच्या स्पेलिंगवर. जन्मनोंद पोर्तुगीज वळणाची, पॅन इंग्रजी वळणाचं आणि पासपोर्टवर आणखी तिसरंच. प्रभूंचं पोरोब झालेलं असतं, कामतांचं कामोतीम, नाईक तर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. गावातल्या बँकेत माणूस ओळखीचा असल्यामुळे हे चालून जातं. परदेशी ब्रोकरची यंत्रणा मात्र पासपोर्टवरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या बँक खात्यावरचं नाव अक्षराला अक्षर लावून बघते. जुळलं नाही तर खातं उघडलेलं असूनही पैसे आल्या पावली परत जातात, आणि जाता-येताना दोन्ही बाजूंचं शुल्क आणि विनिमय दरातला फरक कापला जातो.

म्हणून आधी पॅन, आधार, पासपोर्ट आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. वडिलांचं नाव मधे आहे का, आडनाव वेगळ्या रकान्यात आहे का, लग्नानंतरचं नाव कुठे बदललंय आणि कुठे राहिलंय, हे बघा. दुरुस्ती करायची ती पासपोर्टचं नाव प्रमाण धरून करा, कारण परदेशात तोच कागद चालतो. पॅन आणि बँकेतलं नाव त्याप्रमाणे बदलून घ्यायला काही आठवडे लागतात. ते आधीच करून टाकलेलं बरं.

पत्त्याचंही तसंच. आपला पत्ता म्हणजे घर नंबर, वाडा, गाव, तालुका. रस्त्याचं नाव नसतंच. फॉर्ममधल्या ‘स्ट्रीट’ या रकान्यात घर नंबर आणि वाडा लिहा, ‘सिटी’मध्ये गाव, आणि पिनकोड न चुकता. मुख्य म्हणजे बँक स्टेटमेंटवर जसा छापलाय तसाच लिहा. विजेचं बिल बऱ्याच घरांत अजून आजोबांच्या नावावर येतं, ते पुरावा म्हणून चालत नाही. गेल्या तीन महिन्यांतलं, पूर्ण पत्ता असलेलं बँक स्टेटमेंट हा सगळ्यात बिनधोक कागद.

कायदा काय म्हणतो

भारतातल्या रहिवाशाला परदेशात पैसे नेता येतात ते रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली, म्हणजे एलआरएसखाली. ही योजना २००४ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. मुलांचं परदेशी शिक्षण, परदेश प्रवास, नातेवाइकांना पाठवलेले पैसे हे सगळं याच मर्यादेत मोजलं जातं. नवरा आणि बायको यांची मर्यादा वेगवेगळी.

ऑगस्ट २०२२च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार परदेशी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे १० टक्क्यांपेक्षा कमी शेअर, नियंत्रणाचा हक्क न घेता विकत घेतले तर ती ‘पोर्टफोलिओ’ गुंतवणूक ठरते. आपल्यासारख्यांचा सगळा व्यवहार याच खणात बसतो. बाजारात न नोंदलेल्या परदेशी कंपनीत, अगदी मित्राच्या स्टार्टअपमध्ये जरी पैसे घातले, तरी ती थेट गुंतवणूक होते आणि तिचे फॉर्म, मूल्यांकन, दरवर्षीची विवरणं ही वेगळीच वाट आहे. त्या वाटेला सल्लागाराशिवाय जाऊ नये.

तीन गोष्टी साफ मना आहेत. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उसने घेऊन व्यवहार करायचा नाही. परदेशी चलनाचा सट्टा करायचा नाही. आणि बँकेकडून कर्ज काढून ही गुंतवणूक करायची नाही. चौथी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. पाठवलेले पैसे, मिळालेला लाभांश किंवा शेअर विकून आलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवली गेली नाही, तर ती भारतात परत आणावी लागते. खात्यात डॉलर पडून राहू द्या, बाजार पडला की घेऊ, असा बेत असेल तर हा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा.

ब्रोकर पारखताना

दोन तऱ्हा आहेत. एक, थेट परदेशी ब्रोकर. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारख्या कंपन्या भारतातल्या रहिवाशांचं खातं उघडतात आणि अनेक देशांचे बाजार एकाच खात्यातून मिळतात. दुसरी तऱ्हा म्हणजे भारतीय ॲप, ज्याच्या पाठीमागे एखादा अमेरिकी ब्रोकर असतो. ॲप दिसायला सोपं असतं, पण शेअर कोणाकडे राहतात हे कळायला करार उघडून वाचावा लागतो. वाचाच. ॲप उद्या बंद पडलं तर दार ठोठवायचं ते त्या पाठीमागच्या ब्रोकरचं.

अमेरिकी ब्रोकर असेल तर फिनरा या संस्थेच्या ब्रोकरचेक या मोफत सेवेत त्याचं नाव शोधा, नोंदणी आणि आधीच्या कारवाया दोन्ही दिसतात. तो एसआयपीसीचा सदस्य असला पाहिजे. ब्रोकर बुडाला आणि ग्राहकांचे शेअर सापडले नाहीत तर एसआयपीसी ५,००,००० डॉलरपर्यंत भरपाई देते, त्यात रोख रकमेसाठी २,५०,००० ची मर्यादा. शेअरचा भाव पडला तर मात्र कोणी काही देत नाही. सोशल मीडियावरून आलेला, ‘डॉलर खातं पाच मिनिटांत’ म्हणणारा मंच दिसला तर आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट बघा. या मंचांवर बहुधा शेअर मिळतच नाही. मिळतो तो भावावरचा करार, सीएफडी, आणि त्यासाठी एलआरएसमधून पैसे पाठवणं नियमात बसत नाही.

वर्षाला एक-दीड लाखाच्या आत गुंतवणूक करणार असाल तर आमच्या मते हा खटाटोप करू नये. शुल्क आणि सीएची फी मिळून परताव्याचा मोठा घास घेतात. परदेशी शेअरमध्ये गुंतवणारे भारतीय म्युच्युअल फंड तेवढ्यासाठी पुरेसे आहेत, नवीन पैसे स्वीकारणं सुरू असेल तेव्हा घ्यावेत.

खातं उघडताना

‘कॅश अकाउंट’ निवडा. बऱ्याच ठिकाणी मार्जिनचा पर्याय आधीच खूण केलेला असतो, ती काढा. ऑप्शन्स, फ्युचर्स, फॉरेक्स या परवानग्या मागूच नका. टॅक्स रेसिडेन्सी ‘इंडिया’, टॅक्स आयडी म्हणून पॅन. पासपोर्ट आणि पॅन स्कॅन करताना चारही कोपरे दिसले पाहिजेत. मोबाइलवर फोटो काढला की प्लास्टिकच्या कव्हरवर उजेडाचा पांढरा डाग येतो आणि नेमका नंबर पुसला जातो. अर्ज परत येण्याचं हे फार साधं आणि फार नेहमीचं कारण.

मग येतो डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म. ‘मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, भारताचा आहे, मला दोन देशांमधल्या कराराचा दर लावा’ असं अमेरिकेला सांगणारं हे एका पानाचं प्रतिज्ञापत्र. ते नसेल तर लाभांशावर ३० टक्के कर कापला जातो, असेल तर २५. दुसऱ्या ओळीत नागरिकत्वाचा देश, तिसरीत कायमचा पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही), ६अ मध्ये पॅन, नवव्या ओळीत इंडिया. आठव्या ओळीतली जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस अशी लिहायची असते. ५ नोव्हेंबरला जन्मलेल्याने सवयीने ०५-११ लिहिलं की तो ११ मेचा होतो आणि पासपोर्टशी जुळत नाही. तेरा तारखेपासून पुढे जन्मलेल्यांची चूक यंत्र लगेच पकडतं, आधी जन्मलेल्यांची सुटते आणि नंतर डोकं वर काढते. फॉर्म सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो. २०२६ मध्ये सही केली तर २०२९ अखेर.

ज्यांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांनी नागरिकत्वाच्या ओळीत पोर्तुगाल आणि राहण्याच्या व कराच्या देशात, इथे राहत असतील तर, भारत असंच खरंखरं लिहावं. सोयीचा कागद पुढे करून खातं उघडलं की वेगवेगळ्या देशांच्या कर खात्यांकडे वेगवेगळी माहिती जाते, आणि ती माहिती आता आपसांत दिली-घेतली जाते.

पैसे पाठवणं

खरी मेहनत आणि खरा खर्च इथे आहे.

पतसंस्थेतून किंवा लहान सहकारी बँकेतून हे होत नाही. परदेशी चलनाच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेली बँकच लागते. त्या बँकेतलं तुमचं खातं किमान वर्षभर जुनं असावं. नवं असेल तर आधीच्या बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट किंवा आयकर रिटर्न मागतात. नेटबँकिंगमधून एलआरएसची सोय असेल तर उत्तम. नसेल तर गावातल्या शाखेत जाऊन तासभर घालवण्यापेक्षा पणजी, मडगाव, म्हापसा, वास्कोतल्या परकीय चलनाचं काम नेहमी करणाऱ्या शाखेची आधी फोनवर चौकशी करा.

खातं पाठवणाऱ्याच्याच नावावर हवं. जोडखातं असेल तर पहिलं नाव पाठवणाऱ्याचं असावं. बायकोच्या ब्रोकर खात्यात नवऱ्याच्या बँकेतून पैसे पाठवले तर ब्रोकर त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणून परत करतो. नवरा-बायकोचं सगळं एकच, हे इथे कायद्यानेही खरं असलं तरी ब्रोकरला ते पटवता येत नाही.

फॉर्म ए-२ मध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या बँकेच्या अर्जात, पर्पज कोड (पैसे कशासाठी चालले ते सांगणारा) लिहायचा असतो. परदेशी शेअरमधल्या पोर्टफोलिओ गुंतवणुकीसाठी तो एस०००१. घाईत काउंटरवर कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा किंवा भेटीचा कोड पडला तर पैसे पोचतात, पण पुढे ते परत आणताना आणि आयकराच्या नोंदीत गोष्ट जुळत नाही. पावती हातात घेऊनच कोड वाचा.

ब्रोकरच्या संकेतस्थळावर ‘डिपॉझिट’ची सूचना आधी तयार करा. त्यात लाभार्थी बँकेचं नाव, स्विफ्ट कोड, एबीए राउटिंग नंबर, ब्रोकरचा खाते क्रमांक आणि ‘फॉर फर्दर क्रेडिट’ म्हणून तुमचं नाव व तुमचा ब्रोकर खाते क्रमांक येतो. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ब्रोकरच्या एकाच मोठ्या खात्यात हजारो लोकांचे पैसे येतात. तुमचा नंबर ‘रेमिटन्स इन्फर्मेशन’च्या रकान्यात नसेल तर रक्कम पोचूनही बेवारस पडून राहते. तसं झालंच तर बँकेकडून एमटी १०३ ही स्विफ्ट संदेशाची प्रत मागा आणि ब्रोकरला पाठवा. ‘पैसे पाठवले हो’ असं दहा ईमेलमध्ये लिहून होत नाही ते काम या एका कागदाने होतं.

शुल्काच्या रकान्यात ‘अवर’ निवडलं तर मधल्या बँकांचं शुल्क तुम्ही इथेच भरता आणि तिथे सहसा पूर्ण रक्कम पोचते. ‘शेअर्ड’ निवडलं तर वाटेत काही डॉलर गळतात.

आता हिशेब. समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे आणि ५,००० डॉलर पाठवायचेत. बँकेने ९१.२० चा दर लावला तर ६,००० रुपये त्या फरकातच गेले, आणि पावतीवर याला कोणी शुल्क म्हणत नाही. हाच फरक ४० पैशांवर आणला तर २,००० जातात. म्हणून दर ठरण्याआधी बाजारभाव फोनवर उघडा ठेवून ‘स्पेशल रेट’ मागावा. मोठ्या रकमेला देतात. त्यावर चलन बदलण्याचा जीएसटी: एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का हे करपात्र मूल्य, एक ते दहा लाखांत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि त्या मूल्यावर १८ टक्के. साडेचार लाखांना हा जीएसटी जेमतेम ५०० रुपये होतो. स्विफ्टचं शुल्क १,००० धरलं तर जीएसटीसह १,१८०. तीच रक्कम दर महिन्याला ५०० डॉलर अशी दहा हप्त्यांत पाठवली तर स्विफ्टचेच ११,८०० होतात. एसआयपीची सवय चांगली, पण इथे वर्षातून दोनदा पाठवून तिकडे टप्प्याटप्प्याने खरेदी करणं स्वस्त पडतं. फक्त ते १८० दिवस सांभाळा.

टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचं, नाव ऐकून लोक घाबरतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत काही कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. १२ लाख पाठवले तर वरच्या २ लाखांवर ४०,००० रुपये बँक जादा घेते. हा खर्च धरू नका, तो तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, रिटर्नमध्ये वळता होतो, आणि नोकरदारांनी कंपनीला कळवलं तर पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. १० लाखांची मर्यादा सगळ्या बँका आणि सगळी कारणं मिळून एकच असते. दुसऱ्या बँकेतून पाठवलेलं लपवून घोषणापत्र भरू नका.

खरेदी

अमेरिकी बाजार आपल्याकडे संध्याकाळी ७ ते रात्री दीडपर्यंत चालतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ८ ते अडीच. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं भाव फार हलतात, तेवढी सोडा. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) न देता लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) द्या. अमेरिकेत व्यवहार पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण होतो. शेअरचा अंश घेता येतो, पण ब्रोकर बदलताना असे तुकडे सहसा हलवता येत नाहीत, विकावेच लागतात. लंडनच्या बाजारात बरेच ब्रिटिश शेअर पेन्समध्ये दिसतात. २५० म्हणजे अडीच पौंड, अडीचशे नव्हे.

कोणता शेअर घ्यावा हा या लेखाचा विषय नाही. पण कुठल्या देशात नोंदलेली वस्तू घ्यावी, यावर बोललंच पाहिजे. अमेरिकेचा वारसा कर तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसालाही लागतो, आणि त्याला सूट फक्त ६०,००० डॉलरची. अमेरिकी शेअर आणि अमेरिकेत नोंदलेले ईटीएफ (बाजारात शेअरसारखे मिळणारे फंड), दोन्ही त्यात येतात. वरच्या रकमेवर दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात वारसा कराचा करार नाही. ९० रुपयांच्या हिशेबाने ६०,००० डॉलर म्हणजे ५४ लाख. वीस वर्षं गुंतवणूक करणाऱ्याला हा आकडा लांबचा नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे आयर्लंडमध्ये नोंदलेले यूसीआयटीएस (युरोपीय संघाच्या नियमांखालचे) ईटीएफ, लंडनच्या बाजारातून डॉलरमध्ये घेतलेले. सीएसपीएक्स हा एस अँड पी ५०० निर्देशांकाचा ईटीएफ त्यातलाच. फंड आयरिश असल्याने अमेरिकेचा वारसा कर त्याला लागत नाही. फंडाच्या आत अमेरिकी लाभांशावर १५ टक्केच कापले जातात, आणि ‘ॲक्युम्युलेटिंग’ प्रकारात लाभांश तुमच्या हाती न येता फंडातच पुन्हा गुंतवला जातो, त्यामुळे दर तिमाहीचे छोटे छोटे आकडे रिटर्नमध्ये लिहावे लागत नाहीत. लांबचा विचार करणाऱ्याने गाभ्याची रक्कम इथे ठेवावी आणि सुटे अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या आत राखावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आयकर: तीन वेगवेगळी वर्षं

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमं आणि फॉर्म यांचे क्रमांक बदलतात. इथे जुने, ओळखीचे क्रमांक दिले आहेत.

शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतीय शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही. अमेरिका या नफ्यावर आपल्याकडून कर घेत नाही, भारत घेतो. आणि नफा रुपयांत मोजायचा असतो. १०,००० डॉलर ८०च्या दराने घातले, शेअर जागचा हलला नाही, आणि ९०च्या दराने विकला, तर डॉलरमध्ये शून्य पण रुपयांत एक लाख नफा. त्यावर कर आहे. विक्रीसाठी दर घ्यायचा तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो दर. लाभांशालाही तोच नियम. स्टेट बँकेचा दरपत्रक कागद दर महिनाअखेर उतरवून फोल्डरमध्ये टाकत जा, वर्षभराने तो शोधणं जिकिरीचं होतं.

लाभांश १०० डॉलर जाहीर झाला तर हातात ७५ येतात. भारतात उत्पन्न दाखवायचं ते १०० चं. तुमचा स्लॅब ३० टक्क्यांचा असेल तर सेससह ३१.२० कर होतो, त्यातून २५ वजा, ६.२० भरायचे. स्लॅब ५ टक्क्यांचा असेल तर वजावट ५.२० चीच मिळते, बाकीचे अमेरिकेला दिलेले गेले. वजावटीसाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. तो रिटर्नच्या आधीच भरा, नंतर करू म्हणणाऱ्यांचा राहून जातो. सोबत ब्रोकरकडून मिळणारा १०४२-एस, म्हणजे अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला, जोडा.

इथे वर्षांचा घोळ सुरू होतो. १०४२-एस जानेवारी ते डिसेंबरचा असतो. तुमचं उत्पन्न एप्रिल ते मार्चचं. म्हणजे एका रिटर्नला दोन वर्षांचे १०४२-एस आणि मासिक स्टेटमेंट्स लागतात. तिसरं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, तो पुन्हा ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मधली मालमत्ता येते. फेब्रुवारीत घेऊन मेमध्ये विकलेला शेअरही लिहायचा. ए२ मध्ये ब्रोकरचं खातं, ए३ मध्ये प्रत्येक शेअर: सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च, अखेरची, मिळालेला लाभांश, विक्रीची रक्कम.

उत्पन्न शून्य असलं, एकच शेअर असला तरी हा तक्ता भरायचा. आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही, २ किंवा ३ हवा. न भरल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण भरायचं कर्तव्य सुटत नाही. माहिती अमेरिकेकडून इथे येतेच.

गोव्यातलं जादा पान

बाहेरचे लेख वाचून गोवेकराचा रिटर्न चुकतो तो इथे. गोव्यातल्या नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक, कम्युनियनची. आयकर कायद्याचं कलम ५अ म्हणतं, अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांमध्ये निम्मं निम्मं वाटायचं. परदेशी शेअरचा लाभांश आणि भांडवली नफा यातच आला. खातं एकाच्या नावावर असलं तरीही.

म्हणजे वरच्या एक लाख नफ्यातले ५०,००० नवऱ्याच्या रिटर्नमध्ये आणि ५०,००० बायकोच्या. शेड्यूल ५ए दोघांनी भरायचं, एकमेकांचा पॅन घालून, आणि दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. बायकोला दुसरं उत्पन्न नसेल तर तिच्या वाट्यावर कर लागणारही नाही. लाभांशाचं मात्र उलटं होतं. तिच्या निम्म्या भागावर इथे करच नसेल तर अमेरिकेत कापलेल्या तिच्या वाट्याच्या कराची वजावट कशातून घेणार? ती वाया जाते. लाभांश न देणारा ईटीएफ गोव्यातल्या जोडप्याला अधिक सोयीचा का, याचं उत्तर यात आहे.

कापलेल्या कराचा दाखला एकाच नावावर येतो, म्हणून दोघांच्या फायलीत लग्नाच्या नोंदीची प्रत आणि वाटणीचा तक्ता ठेवा. सीए निवडताना एकच प्रश्न विचारा: शेड्यूल एफए आणि शेड्यूल ५ए एकाच रिटर्नमध्ये भरलंय का? मुंबई-पुण्याहून येऊन इथे घर घेतलेल्यांना ही वाटणी आपोआप लागत नाही. लग्न कुठे आणि कुठल्या कायद्याखाली झालं, त्यावर ते ठरतं. आणि एलआरएसची मर्यादा किंवा टीसीएसचे १० लाख यांच्याशी या वाटणीचा संबंध नाही. ते ज्याने पैसे पाठवले त्याचे.

तारवटी आणि आखातातले

जहाजावर असलेला तारवटी किंवा आखातात नोकरी करणारा माणूस अनिवासी असेल तर एलआरएस त्याच्यासाठी नाहीच. तो तिकडची कमाई थेट तिकडून गुंतवू शकतो. अनिवासी असताना घेतलेले शेअर कायमचं परत आल्यावरही ठेवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कलम ६(४) ची मुभा आहे. जपायचं ते सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टवरचे शिक्के. त्या वर्षांत अनिवासी होतो हे त्यांनीच सिद्ध होतं. परतल्यावर ज्या वर्षी ‘निवासी आणि सामान्यतः निवासी’ ठराल त्या वर्षापासून शेड्यूल एफए सुरू. ब्रोकरला बदललेला पत्ता आणि नवा डब्ल्यू-८ बेन द्यायला विसरू नका.

परत आणताना, आणि माणूस गेल्यावर

विकून आलेले पैसे ब्रोकर फक्त तुमच्याच नावाच्या खात्यात पाठवतो. इथे बँक कारण विचारते. परदेशी शेअरमधली गुंतवणूक परत आणली, कोड पी०००१, असं लेखी द्या आणि आवक रेमिटन्सची ॲडव्हाइस मागून घ्या. नुसतं एसएमएसवर थांबू नका.

वारशाचं काम जिवंतपणी करायचं असतं. गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या नावावरच्या खात्यातलं निम्मं आधीच बायकोचं असतं. उरलेल्या निम्म्यातलंही निम्मं कायदेशीर वारसांना द्यावंच लागतं. मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतो तो फक्त एकूणातला चौथा हिस्सा. परदेशी ब्रोकरला यातलं काही ठाऊक नसतं. तो प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवणारा कोर्टाचा दाखला, मागतो, आणि इथे मिळतो तो स्पेशल नोटरीचा उत्तराधिकार दस्त किंवा इन्व्हेंटरी प्रोसिडिंगचा (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या कामाचा) कोर्टाचा आदेश. हे कागद इथे तेच काम करतात असं वकिलाचं इंग्रजी पत्र आणि कागदांवर अपॉस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून सरकारी शिक्का), अशी जोड द्यावी लागते. इन्व्हेंटरीत मालमत्तेची यादी देताना ब्रोकरचं खातं नावानिशी, नंबरानिशी लिहा. राहिलं तर आदेशात येत नाही आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. अमेरिकी मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर नऊ महिन्यांत ७०६-एनए हे विवरण भरावं लागतं आणि तिथल्या कर खात्याचा दाखला येईपर्यंत ब्रोकर शेअर सोडत नाही.

घरातल्या कपाटात एक फाइल असू द्या: ब्रोकरचं नाव आणि खाते क्रमांक, ग्राहक सेवेचा ईमेल, प्रत्येक ए-२ ची प्रत, दर वर्षाचं डिसेंबरअखेरचं स्टेटमेंट, दोघांचे रिटर्न, लग्नाच्या नोंदीची प्रत. पासवर्ड त्यात ठेवू नका. मृताच्या पासवर्डने खातं चालवलं तर ब्रोकर खातं गोठवतो आणि वारसांचंच काम लांबतं. फाइल कुठे आहे ते जोडीदाराला दाखवून ठेवा, आणि दर जानेवारीत नवं स्टेटमेंट लावताना पुन्हा एकदा दाखवा.